बग्गी आली नाही

आमचे वडील ज्या संस्थानच्या दरबारात तबल्याच्या साथीस होते, त्या दरबारात "उद्यापासून तुमचे गाणे बंद" असे कोणाही गवयास कधी कोणी सांगितल्याचे त्यांना आठवत नव्हते. तशी गरजच पडत नसे. मैफलीच्या दिवशी सायंकाळी वाड्याकडून बग्गी निघे आणि कलावंतांच्या आळीतून एकेकास उचलीत जाई. एखाद्या गवयाचे एखादे वाक्य कोणा मानकऱ्यास झोंबले, की त्या दिवशी ती त्याच्या दारावरून न थांबता पुढे निघून जाई. हुकूम नाही, चिठ्ठी नाही, आरोप नाही. तंबोरे जुळलेले, पागोटे बांधून झालेले, आणि बुवा ओसरीवर बसून घोड्यांच्या टापा दूर जाताना ऐकताहेत! विचारावे तरी कोणास? गाडीवान म्हणे, मला जी दारे सांगितली त्या दारी मी थांबतो. कारभारी म्हणत, गाडीखाना माझ्याकडे नाही. खुद्द महाराजांच्या कानी घालावे, तर वाड्यात शिरण्यासाठीदेखील तीच बग्गी यावी लागे.

वडील १९४५ साली सोळाव्या वर्षी चाकरीस लागले आणि पुढे तीनच वर्षांत संस्थान विलीन झाले. आम्ही त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. त्यामुळे दरबार पाहण्याचा योग आमच्या नशिबी नव्हता, त्याच्या गोष्टी मात्र पोटभर ऐकल्या. त्यांतील ही बग्गीची गोष्ट आम्ही बरीच वर्षे गंमत म्हणून सांगत असू. २०२० सालच्या जुलै महिन्यानंतर ती गंमत म्हणून सांगवत नाही.

हे पान गाणे, नाटक आणि ग्रंथ यांचे. त्यात इंटरनेटचा विषय कशास, असे आमच्या काही वडीलधाऱ्या वाचकांस वाटेल. पण आवाज कोणी बंद करावा, कोणत्या रीतीने करावा आणि ज्याचा आवाज बंद झाला त्यास निदान कारण तरी कळावे की नाही, हा प्रश्न गाणाऱ्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या नांदलेला आहे. तेव्हा थोडी मुभा मागतो.

आम्ही पोटासाठी बालाघाटास संगीत शिकवितो. इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींस बालाघाट म्हणजे कान्ह्याच्या वाटेवरचे एक गाव, एवढेच ठाऊक असते. वस्तुत: वैनगंगेकाठचा हा जिल्हा महाराष्ट्राच्या गोंदियाला अगदी लागून आहे आणि त्याच्या पोटात मँगनीज व तांबे आहे. भरवेलीची मँगनीजची भूमिगत खाण आशियातील सर्वांत खोल खाणींत गणली जाते. मलाजखंडचा तांब्याचा उघडा खड्डा काठावर उभे राहून पाहिला, तर तळाशी चालणारे अवजड ट्रक पोरांच्या खेळण्यांएवढे दिसतात. आणि याच मातीवर गोंड व बैगा राहतात, साल-सागाचे रान आहे, वाघ आहे. म्हणून 'पर्यावरण परिणाम मूल्यांकन' हा जड शब्द इथल्या माणसाला शहरी माणसाइतका परका नाही. नवी खाण निघावयाची किंवा जुनी वाढवावयाची तर जनसुनवाई होते, मंडप पडतो, खुर्च्या लागतात. अशाच एका सुनवाईत आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो. एक म्हातारा बैगा उभा राहून बराच वेळ बोलला. झरा, मोहाची झाडे, देवाची जागा, सारे एकेक करून बोटांवर मोजीत बोलला. कागदावर त्याच्या दोन ओळी उतरल्या. तरी उतरल्या, हेही खरे.

या सुनवाईची सारी रचना भोपाळच्या राखेतून उभी राहिलेली आहे, याचा विसर पडू नये. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटले आणि आपल्या राज्याच्या राजधानीत हजारो माणसे मेली. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्या कायद्याखाली १९९४ ची आणि मग २००६ ची अधिसूचना निघाली. आणि कारखाना किंवा खाण काढण्यापूर्वी आजूबाजूच्या माणसास विचारले पाहिजे, हे तत्त्व कागदावर तरी आले. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने या अधिसूचनेचा नवा मसुदा प्रसिद्ध केला. जनसुनवाईच्या सूचनेची मुदत तीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणावी आणि परवानगीवाचून सुरू झालेल्या उद्योगांस मागाहून मंजुरी मिळण्याची वाट ठेवावी, असे त्यात होते. वीस दिवस दिल्लीत पुष्कळ होतात. बैहर तहसिलीच्या आतल्या गावी, पावसाळ्यात, नाला चढलेला असताना, वीस दिवसांत सूचनेचा कागद गावाच्या कानी पोहोचेल याची खात्री कोणी द्यावी? आणि मागाहून मंजुरी म्हणावी तर याच मुदतीत, ७ मे २०२० च्या पहाटे, विशाखापट्टणच्या एल. जी. पॉलिमर्स कारखान्यातून वायू सुटून बारा माणसे दगावली. तो कारखाना पर्यावरण मंजुरीवाचूनच चालत आला होता.

टाळेबंदीचे दिवस होते. मोर्चा नाही, सभा नाही. मसुद्यावर हरकती मात्र सरकारनेच मागविल्या होत्या. तेव्हा काही तरुण मंडळींनी 'फ्रायडेज फॉर फ्यूचर'च्या भारतीय शाखेच्या संकेतस्थळावरून हरकतीचे पत्र मंत्रालयास ई-मेलने पाठविण्याची सोय केली. 'लेट इंडिया ब्रीद' आणि 'देअर इज नो अर्थ बी' ही आणखी दोन संकेतस्थळे त्याच कामास लागली होती. पत्रे धडाधड जाऊ लागली. त्या वेळचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर हे आपल्या पुण्याचेच. त्यांच्या पत्त्यावर एकाच विषयाच्या ई-मेलांचा पाऊस पडत असल्याच्या तक्रारीवरून दिल्ली पोलिसांच्या सायबर शाखेने ८ जुलै २०२० रोजी नोटीस काढली. नोटीस संकेतस्थळ चालविणाऱ्या मुलांना नव्हती. ज्या कंपनीकडे त्या संकेतस्थळाचे नाव नोंदलेले होते, तिला होती. आणि कायदा कोणता लावला? बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे यूएपीए, त्याचे कलम अठरा. दहशतवादी कृत्याच्या कटाचे! कंपनीने संकेतस्थळ बंद केले. सुमारे त्याच दिवसांत उरलेली दोन्हीही दिसेनाशी झाली.

पुढे गवगवा झाला, तेव्हा पोलिसांनी सांगितले की यूएपीएची नोटीस अनवधानाने गेली. तिच्या जागी माहिती तंत्रज्ञान कायद्याची दुसरी नोटीस दिली होती, आणि आता तीही मागे घेतली आहे. जुलैच्या अखेरीकडे संकेतस्थळ पुन्हा उघडले. अनवधान हा शब्द मोठा सोयीचा आहे. तबल्यावर एखादा बोल अनवधानाने वेडावाकडा पडतो, हे आम्हांस समजते. दहशतवादाचे कलम अनवधानाने कागदावर टंकलिखित होऊन, सहीशिक्क्यानिशी, योग्य पत्त्यावर पोहोचते, हे समजावयास थोडा वेळ लागतो.

येथे या यंत्राची रचना दोन शब्दांत सांगितली पाहिजे, कारण सारी मेख तिच्यात आहे. संकेतस्थळ म्हणजे कोणाच्या मालकीची हवेली नव्हे. ते भाड्याचे बिऱ्हाड आहे. दारावरची नावाची पाटी एक कंपनी देते, आतली खोली दुसरी देते, आणि त्या दाराशी येणारा रस्ता तिसऱ्या कंपनीच्या तारांतून जातो. यांपैकी कोणीही एकाने अंग काढून घेतले, की बोलणारा माणूस आहे तिथेच आहे, त्याचा मजकूरही शाबूत आहे, पण जगाच्या लेखी ते घर नाही. आणि या तिघांना त्या मजकुराशी काही देणेघेणे नसते. वर्षाकाठी काही शेकडे रुपये देणाऱ्या एका गिऱ्हाइकासाठी पोलिसांच्या पत्राशी झुंजणारा दुकानदार विरळा. त्यात त्याचा दोष किती काढावा? आमच्या गाडीवानास तरी आम्ही कोठे दोष देतो? पण ज्याला आवाज बंद करावयाचा आहे त्याने हे बरोबर हेरलेले असते की, गवयाशी वाद घालण्यापेक्षा गाडीवानास सांगणे स्वस्त पडते. गवयाशी वाद घालावयाचा तर कारण द्यावे लागते, आणि कारण दिले की त्याला उत्तर मिळते.

आता आमच्या हातून घडले ते सांगतो. त्या उन्हाळ्यात आमच्या शिकवण्या फोनवर चालत. बैहरकडची एक मुलगी यमन शिकत होती. धडा संपल्यावर एके दिवशी म्हणाली, "गुरुजी, हरकतीचं पत्र माझ्या शब्दांत लिहिलंय, तेवढं तपासून द्याल?" तयार मसुदा न घेता तिने स्वतः लिहिले होते. तिच्या आजोळच्या गावचा नाला, त्यावर अवलंबून असलेली तीस-पस्तीस घरे, आणि गावात वर्तमानपत्र येत नाही ही गोष्ट. पत्र सुरेख होते. आम्ही दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि म्हणालो, असेच एक आम्हीही पाठवितो. मग यूएपीएची बातमी आली. बालाघाटात हा शब्द कसा ऐकू येतो, हे बाहेरच्या माणसास कळणे कठीण. वर्षानुवर्षे नक्षलग्रस्त म्हणून नोंद असलेला हा जिल्हा. डिसेंबर १९९९ मध्ये राज्याचे मंत्री लिखीराम कावरे यांना नक्षलवाद्यांनी त्यांच्या गावच्या घरी मारले, ते याच जिल्ह्यात. इथे दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्ये माणसे राहिली आहेत, आणि कोणाच्या नावापुढे कोणते कलम लागते यावर घरेच्या घरे उठली आहेत. आम्ही त्या रात्री मुलीला फोन केला आणि म्हणालो, "बाळ, ते पत्र राहू दे. पुसून टाक." ती एवढेच म्हणाली, "बरं, गुरुजी." दुसऱ्या दिवशी यमनचा धडा झाला. तीव्र मध्यम तिला काही केल्या लागेना. आम्हीही फार टोकले नाही.

संकेतस्थळ बंद झाल्याने किती पत्रे अडली, हे कोणी मोजू शकेल. नोटिशीचे नुसते नाव ऐकून किती पत्रे घरच्या घरीच पुसली गेली, त्याची मोजदाद व्हावयाची नाही.

मंत्र्यांच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. एकाच मजकुराची हजारो पत्रे एखाद्या माणसाच्या टपालात कोंबणे, हा निषेधाचा मार्ग सभ्य आहे काय? आम्हांस विचाराल तर त्यात रस नाही. एकच तान शंभरदा घेतली म्हणून गाणे रंगत नाही. आणि समजा एखाद्याने यंत्राकरवी एका माणसाची लाख पत्रे केली, तर ती लबाडी आहे, तिला अटकाव हवा. पण लाख माणसांनी एकाच कागदावर सही करावी, तसे लाख माणसांनी एकच पत्र पाठवावे, यात गुन्हा कसला? संस्थानी काळातही रयत एकाच वकिलाकडून अर्ज लिहवून घेई आणि खाली अंगठे उठत; अंगठे फार झाले म्हणून अर्ज कटाचा ठरत नसे. शिवाय ही पत्रे आगंतुक नव्हती. हरकती पाठवा, असे राजपत्रात छापून सरकारने आमंत्रण दिले होते. पंगतीला बोलावून पाने फार मांडावी लागली म्हणून कोतवालास हाक मारणे, हे काही यजमानाचे लक्षण नव्हे. टपाल तुंबत होते तर त्याला वेगळी पेटी उघडावयाची होती. ते काम एखाद्या कारकुनाने अर्ध्या दिवसात केले असते.

हा प्रकार आपल्याकडेच आणि आत्ताच सुरू झाला, असेही समजू नये. याहून अठरा वर्षांपूर्वीची, सातासमुद्रापलीकडची एक हकीकत आहे. आणि तिचेही मूळ भोपाळच. कार्बाइड कंपनी २००१ साली अमेरिकेच्या डाऊ केमिकलने विकत घेतली. ३ डिसेंबर २००२ रोजी, दुर्घटनेच्या अठराव्या स्मृतिदिनी, 'द यस मेन' या नावाने वावरणाऱ्या मंडळींनी डाऊच्या नावासारखेच नाव घेऊन एक खोटे संकेतस्थळ उभारले आणि डाऊच्या तोंडी एक निवेदन घातले. भोपाळविषयी आम्हांस कितीही वाटले तरी जबाबदारी घेता येत नाही, कारण आमचे उत्तरदायित्व भागधारकांशी आहे, असा त्याचा आशय. आपल्याकडे बहुरूपी हवालदाराचा वेश करून दारात उभा राहतो आणि घरच्या म्हाताऱ्याला दरडावतो, तशातला हा प्रकार. डाऊने खऱ्या सोंगाड्यांस न गाठता, अमेरिकेच्या १९९८ च्या कॉपीराइट कायद्याखाली, तार पुरविणाऱ्या व्हेरिओ या कंपनीकडे तक्रार केली. ते खोटे संकेतस्थळ न्यूयॉर्कच्या 'द थिंग' या कलावंतांच्या संस्थेच्या सर्व्हरवर होते. व्हेरिओने एक पान बंद करावयाचे, तर 'द थिंग'ची सारी जोडणीच तोडली. 'आर्टफोरम'सारखे कलाविषयक मासिक, पी. एस. १ सारखे कलाकेंद्र, ज्यांचा भोपाळशी काही संबंध नाही अशा कितीतरी मंडळींचे दिवे सुमारे पंधरा-सोळा तास मालवले गेले. पुढे व्हेरिओने 'द थिंग'ला बिऱ्हाड हलविण्याचीच मुदत दिली. वाड्यातील एका बिऱ्हाडाने घरमालकाची नक्कल केली, म्हणून नगरपालिकेने साऱ्या वाड्याचा नळ तोडावा, तसे हे झाले.

त्या सोंगाबद्दल आमचे मत अगदीच अनुकूल नाही, हेही सांगून टाकतो. दोन वर्षांनी, विसाव्या स्मृतिदिनी, याच मंडळींपैकी एकाने डाऊचा प्रवक्ता म्हणून बी.बी.सी.वर जाऊन जाहीर केले की, कंपनी बारा अब्ज डॉलर भरपाई देणार आहे. डाऊच्या शेअरचे भाव घसरले; तास-दोन तासांत सोंग उघडे पडले. जगाला हसू आले. पण तेवढा वेळ ते खरे मानून ज्यांनी डोळे पुसले असतील, ती माणसे भोपाळच्या वस्त्यांत होती. बहुरूप्याचा धर्म असा की, शेवटी त्याने टोपी काढून हात पुढे करावा. त्याआधी कोणा दुबळ्याचा जीव टांगणीस लावू नये. तथापि हे आमचे मत झाले. ते मांडता येते, कारण सोंग काढणाऱ्याचे म्हणणे आमच्यासमोर आले. ते आधीच गडप झाले असते, तर त्यावर रागावण्याचीदेखील सोय उरली नसती. आणि भोपाळचा हिशेब काही मिटलेला नाही. कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये, घटनेनंतर चाळीस वर्षांनी, धार जिल्ह्यातील पीथमपूरला आणला गेला आणि त्याच वर्षी तेथे जाळला गेला. त्या दिवसांत पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले होते, हे इंदूर-धारच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको.

बंदी नवी नाही, आणि बंदी घालणारा प्रत्येक जण दुष्टच असतो असेही नाही. डॉ. बाळकृष्ण केसकर १९५२ साली नभोवाणीमंत्री झाले आणि त्यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार केली. आमच्या घराने त्यांचे उपकार विसरू नयेत. संस्थाने गेल्यावर उघड्यावर पडलेल्या कितीतरी कलावंतांना केसकरांच्या आकाशवाणीने अन्न दिले. वडिलांची चूल काही वर्षे तिच्यावरच पेटली. तरीही ती बंदी चुकीची होती, असे वडीलच म्हणत. श्रोते काट्याने रेडिओ सिलोनकडे वळले. आणि अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढून सरकारला दार पुन्हा उघडावे लागले. आमचा मुद्दा निराळा आहे. ते दार कोणी लावले, हे साऱ्या देशाला ठाऊक होते. केसकरांनी ते आपल्या नावाने लावले, त्याची कारणे जाहीरपणे दिली, त्यापायी वर्तमानपत्रांच्या शिव्या खाल्ल्या. चूक होती, पण तिला चेहरा होता. म्हणून तिच्याशी भांडता आले, म्हणून ती दुरुस्त झाली.

आजच्या बंदीला चेहरा नाही. कायदा अगदीच बेबंद आहे असे नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ प्रमाणे संकेतस्थळ बंद करण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. त्यासाठी २००९ चे नियम आहेत, समिती आहे, कारणे लेखी नोंदवावयाची आहेत. याखेरीज न्यायालय तसा आदेश देऊ शकते. पोलीस ठाण्याच्या पत्राने बंदी घालावी, असे त्यात कोठेही नाही. मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम राखले, ते याच भरवशावर की कारणे लेखी असतील आणि त्यांना आव्हान देता येईल. पण त्याच नियमांत गुप्ततेचेही एक कलम आहे, आणि व्यवहारात त्या पडद्याआड सारे झाकले जाते. हुंड्याच्या प्रथेची टर उडविणारे एक संकेतस्थळ २०१८ साली बंद झाले. ते का बंद झाले, याचा आदेश चालकाच्या हाती पडावा म्हणून त्यास दिल्ली उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. न्यायालयाने तसे फर्माविले ते २०२२ साली. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'आनंद विकटन' या शंभरीच्या उंबरठ्यावरील तमिळ साप्ताहिकाच्या समूहाने पंतप्रधानांवर एक व्यंगचित्र काढले. बंद झाले ते सारे संकेतस्थळ. मद्रास उच्च न्यायालयाने मार्चमध्ये ते उघडावयास लावले, तेही ते चित्र तूर्त उतरविण्याच्या अटीवर. एका चित्रासाठी सारे ग्रंथालय कुलूपबंद! न्यूयॉर्कच्या नळाचीच ही गोष्ट.

आमची मागणी फार मोठी नाही. ज्याचे संकेतस्थळ बंद करावयाचे, त्याच्या हाती आदेशाची प्रत पडावी; तीत कलम, कारण आणि सही करणाऱ्याचे नाव असावे. फार घाई असेल तर आधी बंद करा, पण ठरावीक दिवसांत त्याचे म्हणणे ऐका. ज्या मजकुराविषयी तक्रार, तेवढाच उतरवा. आणि नाव नोंदविणाऱ्या, जागा देणाऱ्या, तार पुरविणाऱ्या कंपन्यांनी अधिकार नसलेल्याचे पत्र आले, तर आपल्या गिऱ्हाइकास ते दाखविल्याखेरीज हात लावू नये. नळाचे बिल थकले तरी नगरपालिका तोडण्याआधी नोटीस चिकटविते. बोलणाऱ्या माणसाला तेवढीही नसावी?

मसुद्याचे पुढे काय झाले? दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली होती आणि हा कागद मराठीसह बावीस भाषांत उपलब्ध करावा असे सांगितले होते. इंग्रजी-हिंदीपलीकडे तो आधी नव्हताच. हरकती लाखोंनी आल्या. त्यांची छाननी करण्याचे काम नागपूरच्या 'नीरी'कडे गेले. मसुदा आजतागायत अंतिम झालेला नाही. मागाहून मंजुरीचा वाद मात्र निराळ्या वाटेने चालूच राहिला. मे २०२५ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने ती बेकायदा ठरविली. नोव्हेंबरमध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या तीन जणांच्या पीठाने दोनास एक अशा बहुमताने तो निर्णय मागे घेतला. दोन्ही न्यायाधीश मराठी, दोन्ही निर्णय कारणांसह लेखी, आणि तिसऱ्या न्यायमूर्तींचा मतभेदही छापील. कोणाचे बरोबर, हा वाद घरोघर घालता येतो, कारण दोन्ही बाजू कागदावर आहेत.

त्या मुलीकडे परत येतो. संकेतस्थळ उघडल्याची बातमी आम्हीच तिला दिली आणि म्हणालो, आता पत्र पाठव, आमचे चुकले. तिने ते पुसले नव्हते. आम्ही सांगितले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, आम्ही दुरुस्त केलेले ऱ्हस्व-दीर्घ तसेच ठेवून, मंत्रालयाचा पत्ता स्वतः शोधून, तिने ते पाठविले होते. आम्हांस सांगितले नाही, एवढेच. आमचे पत्र ९ ऑगस्टच्या रात्री गेले. दोघांनाही पोच आली नाही.